खोली मिळाल्यानंतरचा एकटेपणा : रात्रनिवाऱ्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेघर पुरुषांसाठीच्या आमच्या रात्रनिवाऱ्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम बदललेला नाही. निवाऱ्यात सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचे, म्हणून इथेही तेच नाव.

काका साठीला टेकलेले. उमेदीची सगळी वर्षं दुकानांच्या पाट्या आणि ट्रकवरची अक्षरं रंगवण्यात गेली. कॉम्प्युटरवर छापलेले फ्लेक्स आले आणि हाताची कामं आटत गेली. मग उधारी वाढली, घरात रोजची कटकट सुरू झाली, आणि एक दिवस ते घरातून निघाले ते परत गेले नाहीत. काही वर्षं बसस्थानकात आणि पुलाखाली काढली. पायाची जखम चिघळल्यावर रुग्णालयात भरती झाले आणि तिथून सुट्टी देताना त्यांना निवाऱ्यात पाठवलं गेलं.

निवाऱ्याचा नियम साधा होता : संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. दिवसभर प्रत्येकाने आपापलं बघायचं. जगभरातले बरेच निवारे याच वेळापत्रकावर चालतात, आणि त्यामागे खर्च आणि मनुष्यबळ यांचं उघड गणित असतं. पण या नियमामुळे एक गोष्ट होते. तीन-तीन महिने शेजारच्या खाटांवर झोपणारी माणसं एकमेकांना फक्त घोरण्यावरून ओळखतात.

अडचण

काकांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, हीच खरी अडचण होती. भांडण नाही, दारू नाही, वेळेवर येणं, वेळेवर जाणं. कर्मचाऱ्यांचा सगळा वेळ आरडाओरडा करणाऱ्यांकडे जातो. काकांच्या फाइलमध्ये महिनोन्महिने 'ठीक' एवढाच शेरा होता.

पहिल्यांदा लक्ष गेलं ते रात्रपाळीच्या काळजीवाहकाचं. त्याने सांगितलं की काका झोपतच नाहीत. बूट उशाखाली, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, तोंड भिंतीकडे आणि डोळे उघडे. उघड्यावर राहिलेल्या माणसाला ही सवय लागतेच, कारण गाढ झोपला तो लुटला जातो. पण आत येऊन इतके महिने झाले तरी ती सुटली नव्हती. दुसरं म्हणजे जखमेच्या ड्रेसिंगला ते जात नव्हते. ओळखपत्राच्या अर्जासाठी दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा गेले नाहीत. समाजकार्यकर्तीने विचारलं तर म्हणाले, "काय करायचंय ताई त्याचं?"

कर्मचाऱ्यांच्या बैठकीत आधी 'आळस' हा शब्द आला, मग 'इच्छाच नाही' हा. डॉक्टरांच्या तपासणीत नैराश्याची लक्षणं निघाली आणि गोळ्या सुरू झाल्या. हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे बदल झाले त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

एकटेपणाकडे आपण मनाचा हळवेपणा म्हणून बघतो. पण 2003 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. संगणकावर तिघांचा चेंडूफेकीचा खेळ, आणि मध्येच दोघं तिसऱ्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. वगळल्या गेलेल्या माणसाच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या वेळी जागे होणारे काही भाग सक्रिय झालेले दिसले. त्या निष्कर्षाच्या अर्थावर पुढे बराच वाद झाला आणि तो योग्यही होता. तरी रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हे वगळणं काही मिनिटांच्या खेळापुरतं नसतं. दिवसभर शेकडो लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

समोर असलेले पर्याय

निवाऱ्यात दर आठवड्याला स्वयंसेवकांचा 'कला तास' होत असे. काकांना तिथे पाठवणं हा सगळ्यात सोपा पर्याय, आणि तो करूनही पाहिला. एका उत्साही स्वयंसेविकेने त्यांच्यापुढे फुलापानांच्या नक्षीचा छापील कागद आणि स्केचपेनचा डबा ठेवला. म्हणाली, "रेषेच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही हं काका." काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला, स्केचपेनचं टोपण उघडून परत लावलं आणि दोन्ही वस्तू तिच्याकडे सरकवल्या. "हे पोरांचं आहे, ताई," इतकंच म्हणाले. आयुष्यभर उभ्या पत्र्यावर सरळ अक्षर काढलेल्या माणसाला रेषेच्या आत रंग भरायला सांगितलं होतं. त्यात स्वयंसेविकेचा दोष नाही. काका कोण आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. 'पेंटर' म्हणजे भिंती रंगवणारे, असाच बहुतेकांचा समज होता.

दुसरा पर्याय एका सहकाऱ्याने लावून धरला : बाकी सगळं सोडा, आधी खोली मिळवून द्या. यामागे भक्कम विचार आहे. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस यांच्या 'पाथवेज टू हाउसिंग' संस्थेने, आधी व्यसन सोडा, आधी उपचार घ्या अशा अटी न घालता थेट घर देण्याची पद्धत सुरू केली. पुढे कॅनडाने 2009 पासून पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त लोकांना घेऊन तिची मोठी चाचणी केली. घर टिकण्याच्या बाबतीत ही पद्धत नेहमीच्या पद्धतीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. मनाच्या आजाराची लक्षणं आणि व्यसन यांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. सहकाऱ्याचं म्हणणं तत्त्वतः मान्य होतं. पण खोलीची रांग लांब, त्यासाठी कागदपत्रं हवीत, आणि कागदपत्रांसाठी काका कार्यालयात जायला तयार नाहीत.

तिसरा पर्याय एका नाट्यगटाने आणला. लंडनमध्ये 1991 पासून 'कार्डबोर्ड सिटिझन्स' ही संस्था बेघर लोकांसोबत नाटक करते. ती वापरते त्या, ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या पद्धतीत प्रेक्षकच उठून रंगमंचावर येतो आणि प्रसंग बदलून दाखवतो. कल्पना दमदार आहे. पण नातेवाइकांच्या नजरेला पडू नये म्हणून गाव टाळणाऱ्या माणसाला लोकांसमोर उभं करणं आम्हाला धोक्याचं वाटलं. हा पर्याय इतरांसाठी खुला ठेवला, काकांसाठी नाही.

चौथा पर्याय म्हणजे रिकामी पडलेली गच्ची आणि तिच्यावर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत बाग. बागेच्या बाजूने बोलताना रॉजर उलरिच यांच्या 1984 च्या अभ्यासाचा दाखला बैठकीत निघाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तो अभ्यास छोटा आणि रुग्णालयातला. निवाऱ्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही. बाग निवडण्याचं आमचं कारण जास्त व्यवहारी होतं. झाडाला रोज पाणी लागतं, म्हणजे कुणीतरी रोज यावं लागतं.

प्रत्यक्षात काय केलं

सुरुवात बागेने झाली नाही. खाटांचे नंबर पुसट झाले होते आणि त्यावरून रोज रात्री वाद व्हायचे. समाजकार्यकर्ती काकांकडे गेली आणि म्हणाली, "काका, नंबर पुसलेत. लिहून द्याल का?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "ब्रश कुठला आहे?" कित्येक आठवड्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

लगेच पुढचा पेच आला. काकांना हवा होता ऑइल पेंट, आणि तो पातळ करायला थिनर. निवाऱ्यात नशेसाठी थिनर हुंगणारी दोन-तीन मुलं होती. काकांच्या हातात त्यांचं खरं साहित्य द्यायचं, की निवाऱ्यातल्या इतरांची सुरक्षितता बघायची? निर्णय असा झाला की थिनर आत येणार नाही, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग वापरायचा. काका नाराज झाले. हा रंग फार लवकर वाळतो, ब्रश ओढला जातो, काठ फाटतात, अशी त्यांची तक्रार. पण कारण सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही. ब्रश आधी ओला करून निथळायचा आणि जाड थराऐवजी दोन पातळ हात द्यायचे, अशी युक्ती त्यांनीच काढली. नुसतं 'परवानगी नाही' म्हटलं असतं तर बहुधा ब्रश पुन्हा खाली ठेवला गेला असता.

त्यांची तयारी बघण्यासारखी होती. झाडूच्या जुन्या दांडक्याच्या टोकाला चिंधी गुंडाळून त्यांनी हात टेकवायची काठी केली. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट, म्हणजे ब्रश थरथरत नाही. मग दोऱ्याला खडू घासला. भिंतीवर सरळ रेघ पाडायची तर दोरा ताणून मध्ये टिचकी मारावी लागते, आणि त्यासाठी दुसरं टोक धरायला माणूस लागतो. शेजारच्या खाटेवरचा विशीतला एक मुलगा उभा होता. काका त्याला म्हणाले, "ए, धर रे जरा. हलवू नकोस."

हा मुलगा हुंगणाऱ्यांपैकीच एक. त्याला रंगाजवळ येऊ द्यायचं का, यावर कर्मचाऱ्यांत सरळ दोन तट पडले. शेवटी ठरलं की घातक वस्तू आत नसेल तर माणसाला दूर ठेवायचं कारण उरत नाही. नंबर लिहून झाल्यावर बाथरूमच्या सूचना आल्या, मग गच्चीवरच्या कुंड्यांची नावं. तोवर दोघांची जोडी जमली होती.

गच्चीवर बादल्यांना खाली भोकं पाडली, भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवले आणि बादल्या विटांवर मांडल्या, कारण गळतीच्या भीतीने इमारतमालक आधीपासूनच कुरकुरत होता. पुदिना, टोमॅटो, पालक, झेंडू. पुदिना कशाही हाताला लागतो, म्हणून तो पहिला. नवशिक्याची पहिली लागवड मरता कामा नये, हा बागकामाच्या अशा उपक्रमांतला फार उपयोगी नियम आहे.

बागेमुळे दिवसाच्या नियमाला धक्का लागला. सकाळी सातला सगळे बाहेर, मग पाणी कोण घालणार? व्यवस्थापकांनी आळीपाळीने दोघांना दुपारपर्यंत थांबायची मुभा दिली आणि त्यावरून ठिणगी पडली. एकाने तोंडावर विचारलं, "मला ताप होता तेव्हा बाहेर काढलंत, आणि झाडांसाठी माणूस आत ठेवता?" याला उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात आजारी माणसाला दिवसा थांबू देण्याचा नियम झाला. माझ्या मते या सगळ्या उपक्रमाचा सर्वांत मोठा फायदा हाच, आणि तो कुणी योजला नव्हता.

पैशाचा प्रश्न लवकरच आला. जवळच्या एका गॅरेजवाल्याने अक्षरं बघून पाटी रंगवून मागितली. एका हितचिंतकाने सुचवलं की हे 'उपचाराचा भाग' म्हणून फुकट करून द्यावं. समाजकार्यकर्ती ठाम राहिली : काम आहे, तर मोबदला. 1991 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं 'द बिग इश्यू' हे नियतकालिक बेघर विक्रेते स्वतः विकत घेऊन विकतात आणि मधला फायदा त्यांचा असतो. कॅलिफोर्नियात सांताक्रूझमधला 1990 पासूनचा 'होमलेस गार्डन प्रोजेक्ट' शेतीच्या कामासोबत प्रशिक्षण आणि पगार देतो. काकांनी दर स्वतः सांगितला आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे निम्मे पैसे आगाऊ घेतले. व्यवस्थापकांनी फक्त एवढी व्यवस्था केली की थिनरचा डबा रोज गॅरेजवालाच परत घेईल.

फोटोंचं वेगळं प्रकरण झालं. देणगीदार भेटीला आले आणि त्यांना 'रंगवताना' फोटो हवा होता. काका म्हणाले, "चेहरा नको. अक्षरांचे काढा हवे तेवढे." काहींना ते कृतघ्नपणाचं वाटलं. पण त्यांच्या मागे उधारीचे पैसे मागणारे होते आणि न कळवता सोडलेलं घर होतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी, प्रत्येक फोटोसाठी वेगळं विचारायचं असं ठरलं. आधी एकदा दिलेली परवानगी पुरत नाही.

हळूहळू ड्रेसिंग सुरू झालं. अर्जासाठी काका कार्यालयात गेले, तेही त्या दोरा धरणाऱ्या मुलासोबत, कारण मुलालाही ओळखपत्र हवं होतं आणि त्याला एकट्याला जायची भीती वाटत होती. समाजकार्यकर्तीने महिनोन्महिने समजावून जे झालं नाही ते 'याच्याबरोबर जाऊन येता का?' एवढ्याने झालं.

खोली मिळाल्यावर

काही महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला कमी भाड्याची एक खोली मिळाली. टाळ्या वाजल्या, चावीसह फोटो निघाला (चेहरा न दाखवता), आणि फाइलवर 'पुनर्वसन पूर्ण' असा शेरा पडला.

तीन-चार आठवड्यांनी काळजीवाहकाला काका रात्री निवाऱ्याच्या पायरीवर बसलेले दिसले. नंतर पुन्हा. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही हा नियम, त्यामुळे तो त्यांच्याशी दारातूनच बोलायचा. खोलीवर भेट दिली तेव्हा पंखा, बादली, गादी सगळं होतं. गादी गुंडाळलेली होती. काका दाराशी जमिनीवर झोपत होते, दिवा चालू ठेवून, बूट उशाखाली. म्हणाले, "इथे आवाजच नाही हो ताई. कुणी घोरत नाही, कुणी भांडत नाही."

घर मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने नाजूक असतात हे या कामात असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सेम्बेरिस यांच्या पद्धतीतही घरासोबत आधार देणारा चमू असतो. तो भाग गाळून फक्त चावी दिली की त्या पद्धतीचा अर्धाच भाग उरतो, आणि तिचं नाव घेणाऱ्या ठिकाणीही असं सर्रास होतं.

आता पुन्हा पर्याय मांडले गेले. परत निवाऱ्यात घ्यावं, तर खोली जाणार आणि दुसऱ्या कुणाची खाट अडणार. 'होईल सवय' म्हणून सोडून द्यावं, तर पुढची पायरी बसस्थानकाची. मधला मार्ग निघाला तो दोन भागांचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी माजी रहिवाशांना गच्चीवर येऊ द्यायचं, आणि समाजकार्यकर्तीने आठवड्याला एकदा खोलीवर जायचं, मग हळूहळू अंतर वाढवायचं. काळजीवाहकाने पुदिन्याची एक बादली उचलून स्वतः त्यांच्या खोलीवर पोचवली.

निवाऱ्यावरच सगळा भार राहू नये म्हणून काकांच्या नव्या इमारतीतही एक प्रयत्न झाला. तिथल्या टपालपेट्यांवर नावं नव्हती. काकांनी ती लिहून द्यायची तयारी दाखवली. निम्म्या घरांनी लिहून घेतली. एका घराने काका कुठून आले हे कळल्यावर नकार दिला आणि जिन्यात बोलणंही थांबवलं. खालच्या मजल्यावरच्या आजी मात्र आता त्यांच्याकडून औषधाच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत 'सकाळ', 'रात्र' लिहून घेतात.

परिणाम

खोली टिकली आहे, वर्ष उलटून गेलं. जखम भरली. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी झाल्या, बंद झालेल्या नाहीत. काका गादीवर झोपतात, दिवा अजून चालू असतो. पाट्यांची कामं अधूनमधून मिळतात, त्यावर पोट भरण्याइतकी नाहीत. घरच्यांशी संपर्क केलेला नाही आणि तो विषय काढू नये असं त्यांनी सांगितलं आहे.

मुलाचं तसं झालं नाही. काका गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने पाणी घालणं सोडलं, पुन्हा हुंगायला लागला आणि एक रात्र आलाच नाही. मधे एकदा आला, काका कुठे राहतात विचारून गेला. काकांची परवानगी नसल्याने पत्ता तेव्हा देता आला नाही, आणि परवानगी मिळेपर्यंत तो पुन्हा दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यापासून उपचारापर्यंत कलेचा उपयोग होतो असा त्याचा सूर आहे. पण अशा आढाव्यावरून एका माणसाला नेमकं कशाने बरं वाटलं हे सांगता येत नाही. काकांना विचारलं तर ते बागेचं नाव घेत नाहीत, रंगाचंही नाही. म्हणतात, "काम होतं."

काय वेगळं करता आलं असतं

दाखल करून घेतानाच्या फॉर्ममध्ये व्यसन, आजार, पोलिस केस, नातेवाईक असे रकाने होते. 'काय काम येतं?' हा रकाना नव्हता. तो असता तर छापील नक्षीचा तो तास टळला असता आणि काही महिने वाचले असते. आता तो आहे, आणि कला तासाला येणाऱ्या स्वयंसेवकांना तो आधी वाचायला सांगितला जातो.

खोलीत जाण्याची तयारी चावी मिळण्याच्या आधी सुरू व्हायला हवी. दिवसा जाऊन बसणं, एखादी रात्र राहून परत येणं, शेजारी कोण आहे ते बघून घेणं. मालक सहसा यासाठी आठवडाभर थांबायला तयार असतात, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. गच्चीवर यायचे दिवसही खोली सोपवतानाच ठरले असते तर माणूस रात्री पायरीवर येऊन बसला नसता.

मुलाच्या बाबतीतला प्रश्न जास्त अवघड आहे. काकांच्या सुधारणेत त्याचा वाटा मोठा होता आणि ते सगळ्यांनी कौतुकाने नोंदवलं. काका गेल्यावर त्याचं काय होईल, याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नव्हती, कारण फाइल एकेका माणसाची असते. माणसं जोडून देणारा उपक्रम असेल तर एकाच्या जाण्याचा दुसऱ्यावर होणारा परिणाम हाही नियोजनाचा भाग धरायला हवा : निरोपाची वेळ ठरवणं, भेटीची सोय, पत्ता द्यायची परवानगी आधीच विचारून ठेवणं. पत्त्याच्या परवानगीचा कागद आता निघताना भरून घेतला जातो.

माजी रहिवाशांना गच्चीवर येऊ देणं अजून लेखी नियमात नाही. ते सध्याच्या व्यवस्थापकांच्या मर्जीवर चाललं आहे. समितीने दोन शंका काढल्या आहेत : अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, आणि एका वेळी किती जण. पहिलीसाठी वेगळी नोंदवही सुरू केली आहे, दुसरीसाठी एका वेळी आठ जणांची मर्यादा सुचवली आहे. प्रस्ताव पुढच्या बैठकीत ठेवला जाईल.